पलटणीबाहेरचा कोट

जगात फौजा पुष्कळ असतील, पण दोरीवर वाळत घातलेली फौज फक्त आमच्या थोरल्या साडूंकडे आहे. बावड्याला त्यांचा बागायती मळा आहे, ऊस आहे, दारात ट्रॅक्टर आहे, आणि या सगळ्यांपेक्षा त्यांना प्यारी अशी जुन्या लष्करी कपड्यांची एक अख्खी खोली आहे. लोकरी कोट, खाकी सदरे, कानटोप्या, पायाला गुंडाळायच्या पट्ट्या. थंडीच्या तोंडाला ही सगळी पलटण बाहेर निघते आणि चिंचेपासून गोठ्यापर्यंत बांधलेल्या दोरीवर उन्हाला लागते. उसावरचं धुकं अजून अंगणात रेंगाळत असतं. त्यात ते बिनमाणसांचे कोट हलायला लागले, की कुणीतरी फार लांबून चालत आलंय आणि प्यायला पाणी मागावं की नाही या विचारात उभं आहे, असं वाटत राहतं. साडू त्यांच्या खिशांत कडुलिंबाचा पाला भरत हिंडतात आणि जो कोट ज्या गावाहून आला, त्या गावाच्या नावानं त्याला हाक मारतात. "आज कन्हेरीला ऊन कमी पडतंय, जरा अलीकडं सरकवा," असं त्यांनी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा मी आभाळाकडे बघितलं होतं.

माझं बारामतीत चष्म्याचं दुकान आहे. मी त्यांना माझ्या बायकोसारखं 'दाजी' म्हणतो, ते मला 'पाव्हणं' म्हणतात.

या नादाची पहिली झळ लागली ती आमच्या मेव्हणीबाईंच्या मांडणीला. अक्का त्यांचं नाव. सगळ्या बायका बोहारणीला जुने कपडे देऊन भांडी घेतात. आमचे दाजी भांडी देऊन जुने कपडे घ्यायचे. बोहारीण डोक्यावरची पाटी उतरवायच्या आत हे तिचं गाठोडं सोडून बसत. खाकी काही निघालं, की मांडणीवरचा एखादा डबा पाटीत जाई. अक्का एकदा माहेराहून परत आल्या, तर पुरणयंत्र गेलेलं आणि खुंटीवर एक बाही नसलेला सदरा. "आता पुरण ह्याच्यातनं गाळू का?" असं त्यांनी विचारलं म्हणे. दाजी गंभीरपणे म्हणाले, "न्हाय, न्हाय, कापड दुर्मिळ हाय."

कन्हेरीची कथा तर साऱ्या नात्यात गाजली. तिकडे एका लग्नाला निघाले असताना दाजींना शेतातल्या बुजगावण्याच्या अंगावर लष्करी कोट दिसला. मालक जवळपास नव्हता. बुजगावण्याला उघडं टाकणं दाजींच्या मनाला पटेना, म्हणून त्यांनी आपला कोरा करकरीत टेरिकॉटचा सदरा त्याला घातला, वरपर्यंत बटणं लावली, आणि बनियनवर तो कोट चढवून मे महिन्यात मांडवात येऊन बसले. घामानं निथळत होते, पण चेहऱ्यावर नवरदेवापेक्षा जास्त समाधान होतं. अक्कांनी त्या दिवशी, आपण वऱ्हाडाबरोबर एकट्याच आलोय, असंच सगळ्यांना सांगितलं.

त्यांची एक सवय मात्र मला बरीच वर्षं उमगली नव्हती. कोट कितीही देखणा असो, बटणं, बिल्ले काही न बघता ते आधी त्याची डावी बाजू उलटून आतला खिसा बघत. मग ती बाजू नीट सरळ करत आणि "झकास हाय" म्हणून घडी घालत. शेवटी एकदा अक्कांनीच मला सांगितलं. दाजींचे वडील फौजेत होते. परत आले ते गुडघ्याखाली पोचणारा एक लोकरी कोट घेऊन. त्याचा आतला खिसा फाटला, तेव्हा दाजींच्या आईनं आपल्या हिरव्या लुगड्याचा तांबड्या काठासकट तुकडा कापून त्याला ठिगळ लावलं. वडील लवकर गेले. हिवाळ्यात दाजी त्या कोटाखाली झोपायचे. एक दिवस शाळेतून आले, तर खुंटी रिकामी आणि चुलीवर जर्मनचं नवं पातेलं. आईनं कोट बोहारणीला दिला होता. घरात दूध तापवायला धड भांडं नव्हतं.

"आईला मी लई बोललो तवा," दाजी मला एकदा म्हणाले. "तिनं नुसतं दूध पुढं केलं, म्या शिवलो न्हाय. त्यो कोट गावला तर तिच्या फोटूम्होरं ठिवणार हाय. म्हणणार, गावला गं, आता मनात ठिवू नको."

ते पातेलं अजून घरात आहे. बुडाला पोचे आलेत, पण अक्कांची मांडणी लुटली जात असताना त्याला मात्र कधी हात लागला नाही.

पुढे दिवस बदलले. बोहारीण येईनाशी झाली. इंदापूरच्या बाजारात थंडीत जुन्या कोटांचे ढीग पडत, तिथे फौजी ठिपक्याठिपक्यांचे नवे कोरे टी-शर्ट आले. पोरं ते घालून जिममध्ये जातात. निवृत्त फौजींच्या घरचे पूर्वी म्हणायचे, "न्या बाबा, उंदरं लागल्यात". आता तेच लोक आजोबांचा कोट काचेत लावतात. आणि काय कौतुक करावं, दाजींच्या अंगणात लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येऊ लागली. नवरी म्हणते, "अंकल, तो लाँगवाला द्या ना." दाजी आधी तिला खिशातला पाला काढू नकोस म्हणून बजावतात.

मग त्यांनीही मोबाइल घेतला. जुन्या कपड्यांचा धंदा सगळा त्यात गेलाय, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ते दिवसभर बोटानं कोट वर सरकवत बसत. एकदा पार्सल आलं, 'अस्सल, लढाईतला' असं लिहिलेलं. दाजींनी सवयीनं डावी बाजू उलटली आणि वास घेतला. बादलीत बुडवला, तर पाणी तांबूस झालं. नव्या कापडाला जुनं दाखवायला चहात भिजवलं होतं. "थोडी साखर टाका, पाव्हण्यास्नीबी द्या," अक्का म्हणाल्या. आम्ही हसलो, पण दाजी हसले नाहीत. "पयलं माणसं इसरायची म्हणून कोट मिळायचं," ते म्हणाले. "आता कोटात आठवनच न्हाय, इसरनार काय?" नंतर त्यांनी मोबाइल अक्कांना देऊन टाकला. त्या त्यावर पाककृती बघतात.

गेल्या हिवाळ्यात माझ्या दुकानात नरसिंहपूरचा एक म्हातारा शेतकरी चष्म्याचा नंबर काढायला आला. जुना चष्मा दाखवा म्हटलं, तर त्यानं अंगातला कोट उघडून आतल्या खिशात हात घातला. हिरवा तुकडा होता. काठ तांबडा. मी त्याचा पत्ता लिहून घेतला आणि अक्कांच्या मोबाइलवर दाजींना कळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि दाजी नरसिंहपूरला गेलो. दाजींच्या मांडीवर ते पातेलं होतं. भांडं देऊन गेलेला कोट भांडं देऊनच परत आणायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. नदीकडून धुकं येत होतं, भीमा कुठली आणि नीरा कुठली काही कळत नव्हतं. म्हातारा खोपटापुढे बसला होता, अंगात तोच कोट. दाजींनी सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं लगेच कोट उतरवला.

"घ्या की राव. तुमच्या वडलांचा हाय. इंदापुरात ढिगातनं घेतला हुता, तवापास्नं ह्याच्यातच पानी दिलंय पिकाला."

दाजींनी कोट घातला. आतल्या ठिगळावर तळवा ठेवून ते उभे राहिले. मी दुसरीकडे बघितलं. म्हातारा नुसत्या बंडीवर, हात काखेत घालून कुडकुडत होता. "आमचं भांडं ल्हान हाय, तुमचंच द्या," म्हणून त्यानं दाजींचं पातेलं घेतलं आणि चुलीवर चहा ठेवला. चहा होईपर्यंत दाजींनी कोट काढला नाही.

चहा पिऊन झाल्यावर दाजींनी कोट काढला, झटकला आणि म्हाताऱ्याच्या खांद्यांवर घातला. वरचं बटणही लावलं.

"न्हाय म्हनू नका आबा. आमच्यात ह्यो खुंटीला ऱ्हाईल. हितं कामावर हाय."

पातेलं घासून त्यांनी परत घेतलं. घरी आल्यावर आईच्या फोटोपुढे ते रिकामं पातेलं ठेवलं आणि बराच वेळ बसले. काय बोलले ते आम्ही विचारलं नाही. अक्का तेवढं म्हणाल्या, "ह्यांनी दूध घेतलं बरं का आज, न सांगता. एरवी शिवत न्हाईत."

यंदा पलटण दोरीवर आली तेव्हा मधे मधे जागा दिसल्या. रात्री पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्या माणसांना दाजी एकेक कोट देऊ लागलेत. आणि थंडी पडली, की सकाळी पिशवीत ते पोचे आलेलं पातेलं घालून नरसिंहपूरची एसटी धरतात. तिथे गेल्यावर म्हातारा कोट काढून त्यांना देतो, आणि चहा होईपर्यंत तो त्यांच्या अंगात असतो. मी एकदा बरोबर गेलो होतो. म्हातारा पुन्हा पुन्हा चुलीतलं लाकूड मागे ओढत होता, चहाला उकळी लवकर येऊ नये म्हणून.