दसऱ्याचे रेनकोट

कोणी काही भेट म्हणून पुढे केलं की अक्का ती वस्तू आधी उलटी करून पाहायची. वही असो, ब्लँकेट असो, लाडवांचा डबा असो. लाडवांचा डबा उलटा करताना तेवढं झाकण धरायची. मग वास घ्यायची, वस्तू सुलटी करायची आणि देणाऱ्याकडे बघून अगदी मायेनं म्हणायची, "छान हाय. इचारलं का कोनाले?"

या प्रश्नाचं उत्तर कोणाला देता आलेलं मी पाहिलं नाही. बहुतेक जण हसायचे. काही जण "फोटो घेऊ या का?" म्हणायचे.

अक्का तलमडुगुकडच्या एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. वय पन्नाशीच्या पुढे, उंची सातवीतल्या मुलीएवढी. चालणं मात्र असं, की समोरून येणारी म्हैस बाजूला व्हावी. मुली तिला अक्का म्हणायच्या, म्हणून मीही म्हणायला लागले. नोकरी कंत्राटी होती. 'बाई उद्यापासून नको' एवढं कोणी एजन्सीला कळवलं की संपली.

मी आदिलाबादला एका विमा कंपनीच्या शाखेत काम करते. दरवर्षी दसरा जवळ आला की आमच्या हैदराबादच्या मुख्य कार्यालयाला गरजूंची आठवण होते. तसा इंग्रजीत मेल येतो. शाखेत इंग्लिश मीडियमची मी एकटी, त्यामुळे मेलचा अर्थ सांगणं, फोटो काढणं आणि फोटोखाली दोन ओळी लिहिणं माझ्याकडे आलं. मला चारचौघांत बोलता येत नाही. कॅमेऱ्यामागे उभं राहिलं की कोणी बोलायला लावत नाही, म्हणून मी लगेच हो म्हटलं होतं.

पहिल्या वर्षी आम्ही कंपासपेट्या नेल्या. मला फार भरून आलं होतं. आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतोय, असं वाटून मी जीपमध्ये चक्क गाणं गुणगुणले होते. अक्कानं पेटी उलटी केली, वास घेतला, प्रश्न विचारला. मग मला स्वयंपाकघरात नेऊन एक पत्र्याची ट्रंक उघडून दाखवली. ट्रंक कंपासपेट्यांनी भरलेली होती. आमच्या आधी तीन संस्था येऊन गेल्या होत्या.

"एकेका पोरीले चार चार आल्या," अक्का म्हणाली. "गनित मात्र एकीलेच येते."

बोलता बोलता तिनं ट्रंकेतल्या एका कंपासचं टोक चुलीवरच्या पातेल्यात खुपसलं आणि बटाटे शिजले की नाही ते पाहिलं. त्या वसतिगृहात बटाटा कधी कच्चा राहिला नाही, हे मात्र खरं.

दुसऱ्या वर्षी लाडू नेले. आदल्याच दिवशी दुसऱ्या कोणी लाडू वाटून गेले होते आणि त्याच्या आदल्या दिवशी तिसऱ्यांनी. मुली पोट धरून रांगेत बसल्या होत्या. मी कॅमेऱ्यातून पाहिलं तर एकेक लाडू दिसल्याबरोबर एकेक चेहरा पडत होता. "स्माइल," मी हळूच म्हटलं. एक मुलगी हसली आणि तशीच उठून संडासाकडे पळाली.

त्या दिवशी अक्कानं मला बाजूला घेतलं. "न्हानीची कडी तुटली हाय. एक पोरगी आंघोय करते, दुसरी दार धरून उभी राह्यते. कोनी कडी देत नाही का वो दसऱ्याले?"

मी ते मॅनेजर साहेबांना सांगितलं. साहेब नांदेडचे, मनानं चांगले, हेड ऑफिससमोर मात्र विरघळणारे. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "अगं, पण कडीचा फोटो कसा काढायचा?"

मग मीच एक कडी घेतली आणि एका रविवारी बसनं नेऊन दिली. केवढी मोठी गोष्ट केली असं वाटत होतं. अक्कानं कडी दाराला लावून पाहिली. कडी दारापेक्षा जाड निघाली.

"माप इचारलं का?" ती म्हणाली.

मी मान खाली घातली. ती मात्र इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. "तू बी त्याईच्यातलीच निघाली की वो!" मग तिनं एका काडीनं माप घेतलं, ती काडी माझ्या पर्समध्ये ठेवली आणि मला भाकरी आणि वांग्याची भाजी खाऊ घातली. पुढच्या रविवारी कडी बसली.

त्यानंतर मला दसऱ्याचे मेल वाचताना पूर्वीसारखं भरून येईना. मी मेल दोनदा वाचायचे आणि त्यात कुठे प्रश्नचिन्ह आहे का ते शोधायचे. एकही नसायचं.

मग आलं तिसरं वर्ष. त्या वर्षी मुख्य कार्यालयानं रेनकोट पाठवले. होय, दसऱ्याला. पाऊस जाऊन कपाशीची बोंडं फुटू लागली होती, ऊन मान भाजून काढत होतं, आणि आमच्या शाखेत टोपीवाल्या गुलाबी रेनकोटांचे दोन खोके येऊन पडले. सगळे एकाच मापाचे, आमच्या धिप्पाड ड्रायव्हरभाऊंनाही सैल होतील असे.

त्याहून वाईट गोष्ट तारखेची होती. आमच्याकडे दसऱ्याची सुट्टी मोठी असते आणि मुली त्या दिवसांची वर्षभर वाट पाहतात. गावोगाव फुलांचे थर रचून बतुकम्मा करतात, तिच्याभोवती फेर धरतात आणि रोज संध्याकाळी ती पाण्यात सोडतात. कार्यक्रमाची तारीख मात्र सुट्टीचा पहिला दिवस. साहेबांनी वॉर्डन मॅडमना फोन केला. मॅडमनी सांगितलं, "एक दिवस थांबवते मुलींना. काय बिघडतं?" आणि मॅडम स्वतः त्याच संध्याकाळी रजेवर गेल्या.

आदल्या दिवशी साहेबांनी मला अक्काला फोन करायला लावला. "सगळ्या तेवीस मुली आहेत ना, खात्री करून घे."

"हायेत," अक्का म्हणाली. मागून कोणाच्या तरी रडण्याचा आवाज येत होता. "सगळ्यात लहानी पोरगी आयकूनच नाही राह्यली. सकायपासून पेटी भरून दारात बसली हाय. उद्या सकायी सहाची बस चुकली तं आतल्या गावाच्या पोरीईले त्या दिवशी दुसरी बस नाही. मंग गावात पैल्या दिवसाची फुलं पान्यात सोडून झाल्यावर जातीन का ह्या?" जरा थांबून तिनं विचारलं, "तू सांग बाई. तुले कोनी सनाच्या दिवशी आपिसात बसोलं असतं, रेनकोट घ्याले?"

मी गप्प बसले. गप्प बसणं मला चांगलं जमतं. पण त्या वेळी ते पुरणार नव्हतं.

"अक्का," मी म्हटलं, "साहेबांनी आज मुली आहेत का एवढंच विचारायला सांगितलंय."

अक्का म्हणाली, "आज हायेत."

"आहेत म्हणाल्या," मी साहेबांना सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता आम्ही जीपमधून उतरलो. साहेब, दोन कारकून, ड्रायव्हरभाऊ, मी, बॅनर आणि खोके. अंगण झाडलेलं. दोरीवर लाल रिबिनी वाळत घातलेल्या. बाकी सामसूम.

"मुली कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"घरी गेल्या. सुट्टी लागली ना," अक्का म्हणाली.

"अहो बाई, मी वॉर्डनना विचारून ठेवलं होतं!"

"वार्डनले इचारलं. पोरीईले इचारलं का कोनी?"

साहेब लाल झाले. "तुमची नोकरी जाईल, कळतंय का?"

"कयते," अक्का म्हणाली. ती हसली नाही. हात तिनं पदराखाली घेतले होते. तिच्या नवऱ्याला दिसत नव्हतं आणि घरात कमावणारी ती एकटी होती, हे मला त्या वांग्याच्या भाजीच्या दिवशी कळलं होतं.

तेवढ्यात हैदराबादहून फोन आला. साहेब चप्पल काढून, जवळजवळ वाकून बोलले. "यस सर. फोटो दुपारपर्यंत. नक्की सर." फोन ठेवून ते ओट्यावर बसले आणि डोकं धरलं.

अक्कानं खोका उघडला. एक रेनकोट उलटा केला. वास घेतला. मग आमच्या ड्रायव्हरभाऊंकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"साहेब, फोटोत तोंडं दिसायलाच पायजेत का?"

पुढची वीस मिनिटं मी मरेपर्यंत विसरणार नाही. दोन कारकून आणि ड्रायव्हरभाऊ यांना अक्कानं गुलाबी रेनकोटांत घातलं, टोप्या डोक्यावर ओढल्या आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून उभं केलं. दोरीवरच्या रिबिनी काढून टोप्यांच्या कडेला पिनेनं दोन-दोन लावल्या. उन्हानं प्लास्टिक तापलं होतं. आतून "आई गं" ऐकू येत होतं.

"भाऊ, गुडघे वाकवा," अक्का ड्रायव्हरभाऊंना म्हणाली. "सातवीत हाय तुमी."

"अक्का, माझे गुडघे दुखतात."

"मंग आठवीत जा. पन वाकवा."

"पायजमा दिसून राह्यला," एक कारकून दुसऱ्याला म्हणाला.

"तुझे मोजे दिसून राह्यले, ते पाह्य आधी."

समोर बॅनर, बॅनरखाली हसरे साहेब, हात पुढे. पण तीन पाठींनी चौकट भरेना. मी कॅमेऱ्यातून पाहून कसंबसं म्हटलं, "अजून एक जण हवं. बुटकं."

सगळ्यांनी अक्काकडे पाहिलं. तिनं एक उसासा सोडला, अंबाडा सोडला, दोन वेण्या घातल्या, त्यांना लाल रिबिनी बांधल्या आणि रेनकोट चढवून रांगेत सगळ्यात पुढे जाऊन उभी राहिली. साहेबांनी तिच्या हातात रेनकोट ठेवला. टोपीच्या आतून स्पष्ट आवाज आला, "छान हाय."

मी बटण दाबलं. आयुष्यात प्रथमच मी चारचौघांत मोठ्यानं हसले होते.

फोटो दुपारी गेला. संध्याकाळी हैदराबादहून कौतुक आलं. साहेबांचा राग मात्र उतरला नव्हता. वॉर्डन मॅडमनी फोनवरून सांगितलं होतं, लेखी तक्रार द्या, मी एजन्सीकडे पाठवते, सुट्टीनंतर दुसरी बाई येईल. साहेबांनी मला बोलावलं. "इंग्रजीत एक कडक पत्र लिही. आज्ञाभंग, बेजबाबदारपणा, सगळं येऊ दे."

मी जागेवर येऊन बसले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तारीख लिहिली. खाली विषय लिहिला. मग अर्धा तास काही लिहिलं नाही. मी नाही म्हणू शकणार नव्हते, मला तसं जमत नाही. पण पहिलं वाक्य मनात जुळवताना एक अडचण लक्षात आली आणि मी तशीच उठून साहेबांच्या खोलीत गेले.

"सर, एक शंका होती."

"बोल."

"पत्रात असं लिहावं लागेल, की आपण गेलो तेव्हा तिथे एकही मुलगी नव्हती."

"मग लिही की!"

"पण सर, दुपारी आपण फोटो पाठवलाय. त्यात चार आहेत."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग फोनवर तो फोटो काढला. बोटांनी मोठा करून एकेक पाठ पाहिली. सगळ्यात पुढच्या बुटक्या पाठीवर ते बराच वेळ थांबले.

"ती बाई फार पोचलेली आहे," ते शेवटी म्हणाले. आणि मग, माझं नशीब, त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "राहू दे पत्र. सण आहे."

हे तिनं ठरवून केलं होतं का, हे मी तिला पुढे एकदा विचारलं. ती चुलीत लाकूड सारत म्हणाली, "मी काय शिकलेली हाय का वो?" मला ते उत्तर वाटलं नाही.

रेनकोट पुढच्या पावसाळ्यात कामी आले. एकेका रेनकोटात दोन-दोन मुली शाळेत जायच्या, एक हात हिचा, एक तिचा. दोन रेनकोट अक्कानं सरपणावर घातले. आणि पुढच्या दसऱ्याला साहेबांनी मला खोलीत बोलावून, दार लावून, हळू आवाजात सांगितलं, "जरा अक्काला फोन करून विचार, काय आणायचं." अक्का म्हणाली, "काई नको. पोरी इंग्लिश वाचतात ते बरोबर का चूक, मले कयत नाही. तू रविवारी येऊन आयकत जा." मी जाऊ लागले. तिथे माझा फोटो काढायला कोणी नव्हतं, ते बरंच झालं.

यंदा जूनमध्ये, वसतिगृह उन्हाळी सुट्टीत बंद असतानाच, अक्काचं कंत्राट वयामुळे संपलं. नवऱ्याला घेऊन ती निर्मलकडे लेकीच्या गावी गेली. मला निरोप मिळाला तेव्हा ती गेलेली होती. हे लिहिताना सोबत तिचा एक फोटो असावा म्हणून मी माझा फोन चाळला. बॅनर आहेत, कंपासपेट्या आहेत, लाडू आहेत, साहेब तर शेकड्यांनी आहेत. अक्का नाही. ती कायम माझ्या बाजूला उभी राहून मुलींना "बटन लाव, नाक पूस" सांगत असायची.

एकच फोटो आहे. मुख्य कार्यालयाला तो एवढा आवडला, की त्यांनी यंदाच्या कॅलेंडरवर छापला, जुलैच्या पानावर. खाली माझी ओळ आहे, आनंदी चेहऱ्यांबद्दल. तुम्ही पाहिलात तर चार गुलाबी पाठी दिसतील. तिघांच्या रिबिनी वाकड्या आहेत. सगळ्यात पुढची, बुटकी, तिच्या तेवढ्या नीट बांधलेल्या. रेनकोटाखाली हिरव्या लुगड्याचा काठ दिसतो.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात ते कॅलेंडर चुलीच्या वर टांगलेलं आहे. परवाच्या रविवारी गेले तेव्हा नवी बाई कुरकुरत होती, की आज तारीख कोणती ते या घरात समजत नाही. ऑक्टोबर लागलाय, पण मुली तिला जुलैचं पान उलटू देत नाहीत.