जबडा किती मागे जातो, ते आज कळलं

बायांनो, आत्ताच गोव्याच्या हॉस्पिटलातून आले. डोकं फिरलंय, लिहिण्यात चुकलं तर चुकलं.

माझ्या मुलीचा खालचा जबडा पुढे आलाय. दोन वर्षं दातांना तारा लावल्या, आता ऑपरेशन. मी ग्रामदेवीला कौल लावला, देवीने उजवा दिला, म्हणजे होकार. लगेच पोरीला सांगून टाकलं, तुझा चेहरा सरळ होणार.

आज डॉक्टर म्हणाले, "निम्माच फरक पडेल. जबडा जास्त मागे नेला तर जिभेला जागा राहणार नाही, झोपेत श्वास अडकेल."

मी म्हटलं, "मग वरचा पुढे घ्या!"

"मावशी, तो धरूनच निम्मा म्हणतोय. हाड हवं तेवढं सरकत नाही."

पोरगी बसमध्ये एवढंच म्हणाली, "आये, तूच सांगलंस मा, सगळा सरळ होतला?"

देवीची चूक नाही. ऑपरेशन होईल का, एवढंच मी विचारलं. किती होईल, ते विचारायचं सुचलंच नाही.

ती आत भिंतीकडे तोंड करून पडलीय, जेवली नाही. मला धीर देऊ नका. तिच्यासमोर जाऊन काय बोलू, तेवढं सांगा.