हात स्वच्छ राहणारं काम

सोलापूर स्टेशनात गाडी लागली, तरी माझे वडील आप्पा आपल्या जावयाचे हातच बघत होते. आमचं घरचं काम सुताला रंग द्यायचं, त्यामुळं आप्पांची बोटं बारा महिने गुलाबी.

"जावईबापू, तितं अमेरिकेत काम कसलं म्हनायचं?"

"प्रकाशाचं, आप्पा. लेसरचा उजेड वायूत सोडायचा आणि आतले रेणू ओळखायचे. हात स्वच्छ राहतात."

आप्पा हसले नाहीत. खिडकीशी येऊन मला हळूच म्हणाले, "हात स्वच्छ ऱ्हानारं काम मी तरी बगितलं न्हाय, बाई. वल्या बोटानं चोळून बग की." रंग कच्चा आहे का पक्का, ते आमच्याकडं ओला अंगठा सुतावर चोळून बघतात. कच्चा असला की अंगठ्याला लागतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट ही. तुमच्यातल्या ज्या माझ्यासारख्या परदेशी गेल्या, त्यांना ते पहिले महिने सांगायला नकोत. बर्फ, बंद दारं, आणि मला इंग्रजी येत होतं ते 'थँक्यू'पुरतं. हे सकाळी लॅबमध्ये जायचे. "तू येऊ नकोस, उजेडानं डोळे जातील," म्हणायचे. मला ते तेव्हाच खटकलं. उजेडानं कुणाचे डोळे जातात होय?

मग एकदा शर्टाच्या बाहीला गुलाबी डाग दिसला. मनात पहिली आली ती यांच्या लॅबमधली, एकदा घरी जेवायला आलेली लाल ओठांची बाई. पण मी रंगाऱ्याची पोर. अंगठा ओला केला, चोळला, तर अंगठा गुलाबी. लिपस्टिक काही पाण्यानं अशी सुटत नाही. हा सुताचाच रंग! मग वाटलं, यांची संशोधनाची नोकरी सुटली असणार, आणि हे चोरून कुठल्या तरी रंगाच्या कारखान्यात जात असणार. म्हणजे जे काम आप्पांकडं सोडून मी इथवर आले, तेच हे इथं करतायत, तेही मला फसवून. सोलापूरला परत जायचं म्हणून मी ट्रंकसुद्धा काढली.

रविवारीही हे लॅबला म्हणून गेले, तेव्हा दुपारी मात्र डबा घेतला आणि कागदावरचा पत्ता दाखवत दाखवत लॅब गाठली. बेसमेंटमध्ये अंधारी खोली. यांनी आधी माझ्या डोळ्यांवर जाड चष्मा चढवला. टेबलावर काचेच्या नळीतून गुलाबी पाणी फिरत होतं. त्यात एक उजेड शिरत होता आणि दुसऱ्याच रंगाचा होऊन बाहेर पडत होता.

"अहो, हा तर आमच्या हौदातला रंग!"

"अगं, यालाच डाय लेसर म्हणतात. डाय म्हणजे रंगच." हे खाली मान घालून म्हणाले, "स्टेशनावर आप्पांपुढं एवढा तोरा मिरवला, मग इथं हात रंगतात हे तुला कुठल्या तोंडानं सांगू? त्यात हा उजेड रोज हळूहळू मंदावतोय. का ते कळत नाही."

"न कळायला काय झालं? हा रंग उजेडात विटतो. आप्पा उन्हात कधी वाळवत नाहीत तो."

हे मग इतके हसले, की मलाही हसू फुटून हातातला डबा खाली ठेवायला लागला.

आप्पांना कळवलं, तर त्यांनी शेजाऱ्याकडून एकच ओळ लिहून पाठवली, "आता जावई आपल्यातला झाला."

आज आप्पा नाहीत, सोलापुरातला तो हौदही नाही. तुम्ही विचारता, आता घर कुठलं? तो शर्ट मी ट्रंकेत, अंधारात ठेवलाय. कधीतरी काढते आणि ओला अंगठा चोळते. रंग अजून लागतो.