लेकाला शिव्या देणारी माणिक

चोपन्न साली मुलुंडच्या आमच्या चाळीत माणिक राहायला आली, तेव्हा तिचा धोंडू वर्षाचा होता. मला दुसऱ्याच्या घरात डोकावायची खोड, हे आधीच सांगते. शेजारच्या या खोलीतून बाळाशी बोलल्याचा आवाज कसा येत नाही, याचं मला कोडं पडलं. न्हाऊमाखू, काजळ, मऊ भात, सगळं वेळच्या वेळी व्हायचं, पण मुक्यानं.

एक दिवस विचारलंच. ती म्हणाली, "आधीची दोन गेली माझी. सारखी बोलत बसायचे त्यांच्याशी, कौतुक करायचे. दृष्ट लागली. म्हणून याचं नाव धोंडू ठेवलं आणि बोलणंच सोडलं."

धोंडू दीड वर्षाचा झाला तरी साधं 'आई' म्हणेना. कान चांगले होते, चमचा पडला की वळून बघायचा. पण गावाहून आलेल्या सासूनं "पोरगं मुकं निपजलं" असं जाहीरच करून टाकलं. माणिकचं जेवणावरून मन उडालं.

मी मात्र त्याला मांडीवर घेऊन गंमत बघायची. "काय रे धोंड्या?" म्हटलं की तो माझ्या तोंडाकडे टक लावायचा. मी गप्प झाले की हळूच "अं" करायचा आणि थांबायचा. त्याची पाळी झाली, आता माझी! मुकं पोर असं करेल?

मी धावत माणिककडे गेले. "अगं, त्याला बोलायचंय. पण त्याच्याशी कुणी बोलायला नको का?"

"आणि दृष्ट लागली म्हणजे?"

"मग कौतुक नको ना करूस. शिव्या घाल! शिव्यांना कसली लागतेय दृष्ट?"

ती आ वासून बघत राहिली. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच भिंतीपलीकडे तोंडाचा पट्टा सुरू झाला. "ऊठ मेल्या! हा तांब्या बघ, घालू डोक्यात? पाय दे इकडे. आणि हा दुसरा कुणाचा, तुझ्या बापाचा?" आवाज इतका लाडिक, की मला हसू आवरेना. बायका म्हणायच्या, ही सख्खी आई की कैदाशीण! मी आपली कान लावून बसायचे. आधी नुसते हुंकार आले, मग "बा", मग एकदा चक्क "ताब्या".

एका दुपारी विरजण मागायला गेले. माणिकला ताप होता, ताट तसंच पुढ्यात पडलेलं. धोंडूनं चिमूटभर भात उचलला, तिच्या तोंडाशी नेला आणि डोळे वटारून म्हणाला, "गिळ मेल्या!"

मी हसत सुटले. माणिकनं घास गिळला, त्याला छातीशी ओढलं आणि रडत म्हणाली, "माझा सोन्या गं! माझा राजा!" दुसऱ्याच क्षणी दचकून तिनं तोंडावर हात ठेवला.

धोंडूनं तो हात ओढून बाजूला केला. मग ती बोलतच राहिली.