पद्मक्कांची विहीर, सर्वानुमते

एचएसआर लेआउटमधल्या श्रीनिधी रेसिडेन्सीत चोवीस फ्लॅट, एक लिफ्ट आणि एक पद्मक्का. लिफ्ट अधूनमधून बंद पडते.

पद्मावतीबाईंच्या घराण्यातला कुणी कारकून साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे कानडी मुलखात आला आणि परत जायचं विसरला, एवढाच इतिहास त्या सांगतात. त्यांची मराठी कानडीच्या मांडीवर वाढलेली. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढून त्या सुपरवायझर म्हणून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच रविवारी असोसिएशनच्या सेक्रेटरी झाल्या. त्यालाही आता चौदा वर्षं झाली. निवडणूक दरवर्षी होते. उमेदवार एकच असतो, कारण गुडघे दुखत असताना चोवीस दारं वाजवत फिरायची हौस दुसऱ्या कुणाला नाही.

सभेत प्रत्येकाला तीन मिनिटं. जास्त बोलू लागलं की अक्का म्हणायच्या, "ट्रंककॉलला तीनच मिनिटं मिळायची रे. त्यात लोक लग्नं जमवायचे. तुला कुंड्यांबद्दल दहा मिनिटं कशाला?" मग ठराव वाचायचा, चष्म्यावरून सगळ्यांकडे एकदा बघायचं आणि विचारायचं, "सरी ना?" म्हणजे ठीक ना? मनात तीन आकडे मोजायचे. कुणी बोललं नाही की वहीत लिहायचं, 'सर्वानुमते मंजूर'. हजेरीवर सही केलेला माणूस गप्प बसला म्हणजे तो हो म्हणाला, असा नियम त्यांनी स्वतः करून, टाईप करून, फ्रेममध्ये घालून नोटीसबोर्डाशेजारी लावला होता. चौदा वर्षांत वहीत 'बहुमताने' हा शब्द आला नव्हता. अक्कांना त्याचा अभिमान होता. घरचं लग्न न भांडता पार पडल्यावर यजमानीणबाईंच्या तोंडावर असतो ना, तसला.

त्यांच्या जिवाला घोर होता तो एकाच गोष्टीचा. इमारतीच्या मागे, जनरेटरच्या बाजूला एक विहीर होती. इथे शेत होतं तेव्हाची. वर लोखंडी जाळी, जाळीवर पत्रा, पत्र्यावर कुणाचं तरी मोडकं सायकलचं चाक. बोअरवेलनं मान टाकल्यापासून ती साफ करून घ्यावी म्हणून अक्का तीन वर्षं विषय मांडत होत्या. पण तो 'ऐनवेळचे विषय' मध्ये यायचा आणि तोवर निम्मी सभा इडली खायला उठलेली असायची.

मार्चमधल्या त्या रविवारी मात्र विहिरीचा विषय पहिल्या नंबरावर आला. आणला होता ऋतुराजनं. पुण्याहून आलेला, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी, तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं नव्हे तर विकत घेतलेलं घर, आणि गाडी मात्र रस्त्यावर. त्या गाडीचा एक आरसा गायब झाला, मग दुसरा. विहीर बुजवली तर तीन गाड्या उभ्या राहतील, असा त्याचा हिशेब. स्क्रीनवर रंगीत नकाशासुद्धा दाखवला त्यानं.

आता अक्कांची दुसरी सवय सांगायला हवी. वरच्या टाकीचं पाणी खाली सोडायचा व्हॉल्व्ह त्या स्वतः फिरवायच्या. वॉचमन मन मानेल तेव्हा सोडतो, असं त्यांचं म्हणणं. सकाळी अकरा म्हणजे अकरा. ऋतुराजचा नकाशा पुढे सरकत असताना अकराला दोन मिनिटं कमी होती. अक्का उठल्या आणि अध्यक्षांच्या कानाशी म्हणाल्या, "अण्णा, स्वल्प थांबा, आलेच."

अध्यक्ष नरसिंहअण्णा फार भला माणूस. कुणाला थांबवणं त्यांना जमत नाही, अगदी स्वतःलाही नाही. अक्का गंजाचे हात पदराला पुसत परत आल्या तेव्हा पुढचा विषय चालू होता.

"विहिरीचं काय झालं?"

"झालं की अक्का. बुजवायची. शनिवारी राडारोड्याचे ट्रक येतात."

"कुणी नाही म्हणालं नाही?"

"मी तुमच्यासारखंच विचारलं, सरी ना म्हणून. तीन मोजले पण."

"अहो, पण मी नव्हते की!"

"हजेरीवर तुमची सही आहे, काकू," ऋतुराज अदबीनं म्हणाला आणि त्यानं भिंतीवरच्या फ्रेमकडे नुसतं बघितलं.

अक्कांनी फ्रेम बघितली. चष्मा काढला, पुसला, घातला. मग पेन उघडून लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर'. अक्षर नेहमीसारखंच आलं, ह्याचाच त्यांना दिवसभर राग येत होता.

नियम मोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं, पण नियम पुरता पाळणं होतं. प्रत्येक सभेचं इतिवृत्त दारोदार नेऊन, वाचून दाखवून सही घ्यायची, हा रिवाज. सोमवारी दुपारी अक्का वही घेऊन निघाल्या. प्रत्येक घरात त्याच आवाजात वाचायच्या: "विहीर बुजवण्याचा ठराव मांडण्यात आला. त्या वेळी सेक्रेटरी व्हॉल्व्ह उघडण्यास गेल्याने त्यांनी हरकत घेतली नाही. सर्वानुमते मंजूर." आणि पेन पुढे.

लोकांच्या तोंडचा चहा थांबायचा. काहींनी सह्या केल्या, काहींना एकदम दूध उतू गेल्याची आठवण झाली. मंगळवारी संध्याकाळी ऋतुराज दारात हजर.

"काकू, तुम्ही प्रचार करताय."

"बस आधी. मी काय लिहिलंय तेच वाचते."

"मग ती व्हॉल्व्हची ओळ काढा ना."

"खोटं लिहू? चौतीस वर्षांत मी रॉंग नंबरसुद्धा खोटा नोंदवला नाही."

"पण त्या विहिरीत आहे काय? डास आणि क्रिकेटचे बॉल!"

अक्का उठल्या. कपाटातून सुंभाची एक गुंडाळी काढली. हातहात अंतरावर गाठी, टोकाला वजनाला पितळी कुलूप. ती ऋतुराजच्या हातात देऊन त्या चपला घालू लागल्या.

पत्रा उचलायला दोघांची ताकद लागली. आत अंधार, कुबट वास, कबुतराची दोन पिसं. ऋतुराजनं नाक दाबून दोरी सोडली. सातव्या गाठीवर 'डुब्' झालं. अजून सोडली. दोरी जातच राहिली.

"अजून?"

"सोड की. दोरी नाही संपत, तुझा धीर संपतो का बघू."

तेविसाव्या गाठीवर कुलूप तळाला टेकलं. भर मार्चात सोळा हात पाणी! वर तिसऱ्या मजल्यावरून त्याची बायको मुग्धा ओरडत होती, "अहो, टँकरवाला आज येत नाही म्हणतोय!"

ऋतुराजनं ओली दोरी वर ओढून घेतली. मग म्हणाला, "काकू, हे सभेत का नाही सांगितलंत?"

"तीन वर्षं सांगत्येय. तुम्ही इडली खायला जाता."

"ठराव रद्द करा मग."

"मी कोण रद्द करणार? आठ घरांच्या सह्या आण, तातडीची सभा बोलव. शुक्रवारी घेता येईल. आणि दुपारी दोन ते चार कुणाची बेल वाजवू नकोस, शिव्या खाशील."

त्यानं अकरा सह्या आणल्या. शुक्रवारी संध्याकाळी तळमजल्यावर तेवीस घरं हजर होती. एक कुटुंब तिरुपतीला गेलं होतं. गाड्या रस्त्यावर असलेले लोक ऋतुराजला फितूर म्हणाले. एकानं विचारलं, "काकूंनी जेवायला घातलं काय?" त्यानं दोरी वर धरून दाखवली. कुणी हसलं, कुणी गाठी मोजल्या. भांडण असं रंगलं, की तीन मिनिटांचा नियम कुणाच्याच लक्षात राहिला नाही, अक्कांच्याही नाही. शेवटी नरसिंहअण्णांनी हात वर करायला सांगितले.

विहीर ठेवावी म्हणणारे अकरा. बुजवावी म्हणणारे अकरा.

अण्णांनी दोनदा मोजलं. मग त्यांची नजर वहीवर वाकलेल्या अक्कांकडे गेली.

"अक्का, तुमचा?"

"सेक्रेटरीनं लिहायचं असतं अण्णा, हात वर करायचा नसतो."

"तसं लिहिलंय कुठं?"

लिहिलेलं कुठंच नव्हतं. ते त्यांनीच मनाशी ठरवलेलं. सगळ्यांनी आपलं म्हणावं, म्हणून एकानं तरी कुणाच्याच बाजूचं असू नये, असं. समोर बावीस घरं बघत होती. त्यांतली अकरा उद्यापासून जिन्यात बोलणार नव्हती, हे त्यांना माहीत होतं. त्यांच्याच मुलांच्या मुंजी-बारशांना अक्का गेलेल्या.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. वही मिटली. 'ठेवावी' म्हणत हात वर करताना खांदा दुखला, म्हणून डाव्या हातानं कोपराला आधार दिला, आणि अण्णा मोजेपर्यंत तो तसाच धरून ठेवला.