खालून कापलेल्या तीन ओळी

आमचे भावोजी पत्रकारितेचे प्राध्यापक. बावीस वर्षे शिकवले, त्याआधी नऊ वर्षे वृत्तपत्रात काढली. विद्यार्थी पाठीमागे त्यांना ‘शेपूटराव’ म्हणत, कारण कुठलीही बातमी हातात आली की ते आधी शेवटची ओळ वाचत. हे खूळ कुठून आले, ते ताईला आणि मला ठाऊक आहे.

वृत्तपत्रात रीत अशी, की महत्त्वाचे ते वर लिहायचे आणि जागा कमी पडली की खालून कापायचे. भावोजींचा हात त्यात चांगला बसला होता. शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा निकाल छापायचा होता त्या दिवशी ऐनवेळी एक जाहिरात आली. त्यांनी सवयीने खालच्या तीन ओळी उडवल्या. पण ती बातमी नव्हती, पास झालेल्यांच्या क्रमांकांची यादी होती. सकाळी चहा घेताना त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चौदा मुले एका घावात नापास झाली होती.

कप तसाच ठेवून ते उठले. कार्यालयातून मूळ यादी घेतली. मुले एकाच शाळेची निघाली, तिथून पत्ते घेतले आणि सायकल हाणली. निकालाच्या दिवशी मुले जिवाचे बरेवाईट करून घेतात, हे त्यांनी स्वतःच कितीदा छापले होते. तेरा घरांत कुणी शिव्या घातल्या, कुणी पाणी दिले. चौदाव्या घरची मुलगी पेपर पाहून बाहेर पडली होती, ती परतलीच नव्हती. वडील एका बाजूला गेले, भावोजी दुसऱ्या. तळे, रेल्वेचे रूळ, जुनी विहीर, सगळे पालथे घातले.

दुपारी तीनला ती एका मैत्रिणीच्या माळ्यावर सापडली. भावोजींनी तिला मूळ यादी दाखवली. तिने तिकडे पाहिलेही नाही.

“तुम्हाला आईनं पाठवलंय,” ती म्हणाली. “पास असते तर पेपरात आलं असतं.”

भावोजी तडक कार्यालयात गेले. संपादक आतल्या पानावर दुरुस्तीच्या दोन ओळी द्यायला तयार होते. भावोजी अडून बसले आणि चौदाही क्रमांक पहिल्या पानावर घेतले. सकाळी ते स्वतः अंक घेऊन तिच्या दारात उभे राहिले. तिने क्रमांकावरून बोट फिरवले, पुन्हा फिरवले.

“आजचं तरी बरोबर आहे ना, काका?”

भावोजींनी तिच्या हातातून अंक घेतला आणि तिचा क्रमांक मूळ यादीशी पुन्हा एकदा ताडून पाहिला.