रेवाला ऐकू येणारी आजी

आमच्या विहीणबाईंना कुजबुजता येत नसे. म्हणजे त्या कुजबुजायच्या, पदर तोंडावर धरून, डोळे बारीक करून, सगळं रीतसर. फक्त ती कुजबुज मागच्या रांगेपर्यंत पोचायची. माझ्या मुक्ताच्या लग्नात त्यांनी शेजारी बसलेल्या नणंदेच्या कानाला लागून सांगितलं, "मुलगी गोड आहे गं, आई जरा आखडू दिसते." भटजींनी मंत्र थांबवून माझ्याकडे पाहिलं.

आखडू तर मी होतेच. माझी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. माझा आवाज असा मऊ की चुकीचा नंबर लागलेली माणसंसुद्धा दोन मिनिटं बोलत राहायची. ठाण्याच्या नौपाड्यात राहणं आणि हळू बोलणं, या दोन गोष्टींवर माणसाची पारख करायची, असा माझा बाणा. साठी ओलांडली होती, अक्कल तेवढी यायची होती. अशा बाईच्या लेकीला डोंबिवलीचं सासर मिळालं आणि सासू मिळाली ती गिरणीच्या भोंग्यासारखी.

आणि तो भोंगा खरोखर कारखान्यातलाच होता. एमआयडीसीतल्या कापडाच्या कारखान्यात विहीणबाई तपासणीवर होत्या, ऐन तारुण्यापासून निवृत्तीपर्यंत. यंत्रं चालू असताना शेजारणीकडे पाणी मागायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. घरी आल्यावरही तो आवाज खाली आणायचं राहूनच गेलं. कुणी "हळू बोला" म्हटलं की त्या म्हणत, "का? चोरी केली का मी?" भाजीवाल्याशी, देवाशी, टीव्हीतल्या बातम्या देणारीशी, सगळ्यांशी एकाच पट्टीत. देवाला त्या सकाळी उठवत, तेव्हा वरच्या मजल्यावरचे जोशीही उठत.

मग रेवा झाली आणि माझी परीक्षा सुरू झाली. मुक्ता नोकरीला जायची, त्यामुळे दिवसभर नात विहीणबाईंकडे. शनिवार-रविवार माझ्याकडे, ठाण्याला. मी पुस्तकं आणली, वाजणारी खेळणी आणली, मांडीवर घेऊन मंद सुरात गाणी म्हटली. ज्या आवाजानं परकी माणसं विरघळायची त्या आवाजात मी म्हणायची, "रेवा, बाळा, इकडे बघ." ही दीड वर्षाची बया पाठ करून माझ्या चपलांचे पट्टे उघडत-मिटत बसायची. आणि तेवढ्यात फोनमधून डोंबिवली गरजायची, "काय गं चिमणेऽ, जेवलीस काऽ?" की हातातली चप्पल टाकून रेवा त्या फोनवर झेप घ्यायची.

"लळा आहे हो तिला माझा," विहीणबाई सांगत. अख्ख्या आळीला सांगत. मला त्या दिवशी जेवण जात नसे.

दोन वर्षं उलटली तरी रेवा बोलेना. हिचा बापही उशिरा बोलला होता, असं डोंबिवलीनं ठरवलं. डोंबिवलीत हिला कुणी बोलायला वावच देत नसणार, असं मी मनात ठरवलं. टेलिफोन खात्यातली बाई मी! पलीकडच्या माणसाला ऐकू येत नसेल, ही शंका ज्या बाईला सगळ्यांत आधी यायची, तिला स्वतःच्या मांडीवरच्या पोरीबद्दल ती आली नाही. मी आपली रुसून बसले होते. दोन वर्षांच्या मुलीवर!

सर्दी हटेना, म्हणून शेवटी मुक्ता तिला नौपाड्यातल्याच एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन आली. आम्ही दोघी आज्या बरोबर. एकीला नेऊन दुसरीला टाळण्याची मुक्ताची हिंमत नव्हती. डॉक्टरांनी रेवाच्या मागे उभं राहून घंटी वाजवली, कागद चुरगळला, नावानं हाक मारली. रेवा भिंतीवरचं कानाचं रंगीत चित्र बघत राहिली.

"असं कसं होईल?" विहीणबाई म्हणाल्या. "थांबा. रेवाऽऽ!"

रेवा गर्रकन वळली आणि हसली. बाहेर बसलेले दोन पेशंटही दारातून डोकावले.

डॉक्टर हसल्या नाहीत. "आजी, हिच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठलंय. डिंकासारखं चिकट. बादलीत डोकं बुडवून ऐकावं तसं ऐकते ही. त्यातून घरातलं एकच माणूस तिच्यापर्यंत पोचतं. तुम्ही."

विहीणबाई आधी फुलल्या. माझ्याकडे त्यांनी विजयी नजर टाकलीसुद्धा. मग काय ऐकलं ते त्यांच्या ध्यानात आलं. तोंड उघडं आणि आवाज बंद, अशा त्या मला प्रथमच दिसल्या. परतताना रिक्षात त्यांनी मला विचारलं, "म्हणजे तिला माझा लळा नव्हता का हो? नुसता आवाज पोचत होता?"

"लळा आहे हो," मी म्हटलं, माझ्या त्या मऊ आवाजात. त्यांनी मान वळवून बाहेर पाहिलं.

तीन महिने वाट बघायला सांगितलं होतं, कधीकधी ते पाणी आपोआप ओसरतं म्हणून. या तीन महिन्यांत आम्ही रेवाच्या समोर बसून, तोंड दिसेल असं बोलायला शिकलो. दवाखान्यात तपासताना कानात रबरी बोंड घालून एक यंत्र रेघ काढतं. चांगल्या कानाची रेघ डोंगरासारखी वर चढते. रेवाची रेघ दर वेळी खाडीच्या पाण्यासारखी सपाट. मग नळ्यांचं ठरलं. भूल देऊन पडद्याला बारीक चीर द्यायची, पाणी ओढून घ्यायचं आणि त्या चिरेत ज्वारीच्या दाण्याहून लहान नळी बसवायची. वर्षभरात ती आपली आपण पडून जाते.

"आणि आता कानात तेल नाही, पाणी नाही, काडी नाही," डॉक्टरांनी बजावलं.

"तेल नाही? आमच्या सात पिढ्या तेलावर वाढल्या."

"आठवी नळीवर वाढू द्या, आजी."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सगळे माझ्याकडे मुक्कामाला आले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून रेवाला दूध नाही, खाणं नाही. हे तिला समजवायचं कसं? ती एकेकाचा हात धरून दुधाच्या पातेल्यापाशी नेई, बोट दाखवी आणि आमच्या तोंडाकडे बघत राही. तिच्या मते आम्ही सगळे अचानक मूर्ख झालो होतो. विहीणबाईंनी फर्मान काढलं, "पोर उपाशी आहे. या घरात कुणी चहासुद्धा घेणार नाही." कुणी घेतला नाही. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून दोन बिस्किटं खाल्ली. देवानं पाहिलं असेल. विहीणबाईंना ऐकू गेलं नाही.

ऑपरेशनच्या खोलीत घरच्या एकानं यायचं, मूल झोपेपर्यंत थांबायचं, असा दवाखान्याचा नियम होता. मुक्ता उठली, पण भूलतज्ज्ञ म्हणाले, "जिचं ऐकून शांत राहील, तिनं यावं." मुक्तानं क्षणभर आपल्या सासूकडे पाहिलं आणि रेवाला त्यांच्या हातात दिलं. आईनं असं दुसरीच्या हातात मूल देणं किती जड असतं, ते मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं आणि काहीही करू शकले नाही. रेवाच्या चिमुकल्या चपला तेवढ्या मुक्ताच्या हातात राहिल्या.

दोन बंद दारांपलीकडून आम्हाला विहीणबाईंचा आवाज येत होता. "ही बघ गं, केवढी मोठी बत्ती! आजी इथेच आहे. फुगा फुगवायचाय आपल्याला. फूऽ कर. आजी कुठ्ठेऽ जात नाही." आणि मग काहीच नाही. एवढी शांतता त्या बाईंच्या आसपास मी कधी अनुभवली नव्हती. त्या बाहेर आल्या त्या भिंतीला धरून. "लुळी पडली हो हातात," म्हणाल्या. "बोलता बोलता लुळी पडली." पाव तासाचं काम, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या पाव तासात माझे जावई निखिलराव भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता पुन्हा पुन्हा वाचत होते आणि मी विहीणबाईंचा हात धरून बसले होते. कुणी कुणाचा धरला होता, ते आता आठवत नाही.

अशा वेळी काय होतं ते पुढे मला पुष्कळ तरुण आयांनी विचारलं. ऑपरेशन सोपं असतं, मी सांगते. जागं होणं अवघड. भुलेतून उठलेलं मूल कुणाचं नसतं. ते रडतं, पाठीची कमान करतं, आईलासुद्धा ढकलतं. रेवाही तशीच रडत बाहेर आली, आणि विहीणबाई हात पसरून धावल्या. "रेवाऽऽ! आलीस का गं माझी बायऽ!"

रेवा किंचाळली. दोन्ही तळवे कानांवर दाबून तिनं मुक्ताच्या मानेत तोंड खुपसलं. विहीणबाईंनी आणखी जवळ जाऊन हाक मारली, तशी ती थरथरायला लागली.

"आजी, हळू," नर्स म्हणाली. "आता तिला सगळं ऐकू येतंय."

विहीणबाईंनी प्रयत्न केला. मी पाहत होते. ओठ हलले, गळ्याची शीर ताणली गेली, पण आवाज फुटला नाही. त्यांना मोठं बोलता येत होतं किंवा मुळीच नाही. मग त्या मागे मागे सरकत दारापर्यंत गेल्या आणि बाहेर जाऊन बाकावर बसल्या.

पुढचे दिवस घरात नुसता सण होता. रेवाला पंखा ऐकू आला. कावळा ऐकू आला. चमचा पेल्यात ढवळला की ती पेल्यात कोण आहे ते वाकून बघे. कुकरच्या शिट्टीला घाबरून पलंगाखाली जाई. आणि डोंबिवलीच्या त्या घरात एकच माणूस गप्प झालं होतं. विहीणबाई रेवाशी खुणांनी बोलत. वरच्या जोशांनी येऊन विचारलं, "काकूंना बरं नाही का?"

महिन्याभरानं त्या एकट्याच माझ्याकडे आल्या. चहा घेतला आणि म्हणाल्या, "तुम्ही टेलिफोनवाल्या. मला हळू बोलायला शिकवा."

मला हसू येत होतं आणि मी ते दाबलं, एवढं पुण्य माझ्या नावावर लिहा. स्वयंपाकघरात आमची शिकवणी सुरू झाली. मी म्हणे, "रेवा, ये." त्या म्हणत, "रेवाऽ, येऽ!" आणि पेले थरथरत. "अर्ध्यावर आणा." "आणलं की!" असं चार-पाचदा झाल्यावर त्या खुर्चीत बसल्या आणि खालमानेनं म्हणाल्या, "हळू बोलले की मला माझंच ऐकू येत नाही हो. मग मी बोलले की नाही, ते कळायचं कसं?"

त्यांचे कान कारखान्यातच राहिले होते. निखिलरावांनी लगेच कानाचं यंत्र आणलं. ते आठवडाभर वापरून विहीणबाईंनी डबीत ठेवून दिलं. "सगळा खडखडाट होतो. पुन्हा पाळीवर गेल्यासारखं वाटतं," म्हणाल्या.

यथावकाश रेवा बोलायला लागली आणि मला हवं होतं ते सगळं मिळालं. ती बोलली ती नेमकी माझ्यासारखी. हळू, मऊ, एकेक शब्द पुसून ठेवल्यासारखा. माझ्या हाकेला येऊ लागली, मांडीवर बसून गोष्ट मागू लागली. अशा एका दुपारी मी डोंबिवलीत तिला कावळ्याची गोष्ट सांगत होते. समोरच्या खुर्चीत विहीणबाई बसून माझ्या ओठांकडे टक लावून बघत होत्या आणि रेवा हसली की त्याही हसत होत्या, क्षणभर उशिरा. मला राहवेना. त्यांनाही ऐकू जावं म्हणून मी आवाज चढवला. "आजी, ओरडू नको ना," रेवा म्हणाली. मी खाली आणला, तशा विहीणबाई पुढे झुकल्या. पुन्हा चढवला, रेवानं कान झाकले. दोघींना एकाच वेळी पुरेल असा आवाज माझ्याजवळ नव्हता. विहीणबाईंनी हातानं खूण केली, चालू द्या, आणि उठून कणीक मळायला गेल्या.

गेल्या वर्षी न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं. लहान मुलांना आत सोडत नव्हते. सहा वर्षांच्या रेवानं मला गेटपाशी थांबवून निरोप दिला, "आजीला सांग, आपल्या जिन्यातल्या मांजरीला पिल्लं झाली. एक काळं आहे, ते मी तिच्यासाठी ठेवलंय."

आत विहीणबाई डोळे मिटून पडल्या होत्या, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. आजूबाजूला सगळे दबक्या आवाजात बोलत होते. मी वाकून माझ्या आवाजात निरोप सांगितला. पापणी हलली नाही. मग मी कमरेत पदर खोचला आणि ओरडले, "विहीणबाईऽ! रेवा म्हणते, मांजरीला पिल्लं झालीऽ! काळं पिल्लू तुमचंऽ!"

अख्खा वॉर्ड वळला. नर्स धावत आली. "आजी, काय करताय? इथे हळू बोलायचं असतं."

विहीणबाईंचा हात चादरीवर किंचित हलला, की मलाच तसं वाटलं, कळायला मार्ग नव्हता. म्हणून मी पुन्हा सांगितलं. आणखी मोठ्यानं.